एक ‘कदाचित्’ राहून गेलें

कळंबास आमच्या ओटीवरून माथेरानचा डोंगर दिसतो. त्यावर काळे ढग बसले कीं आम्ही म्हणतों, “वर पाऊस असेल.” धुरावरून पर्वतावरील अग्नि ओळखणाऱ्या नैयायिकाचेंच हें अनुमान, मात्र तें पक्कें कीं कच्चें, हें आपलें ‘असेल’ सांगत नाहीं. इंग्रजीस तें सांगावेंच लागतें. खूण भक्कम असल्यास ‘इट मस्ट बी रेनिंग’, कच्ची असल्यास ‘मे’ किंवा ‘माइट’. उलट, डोंगर उन्हांत लखलखत असेल तर विद्यार्थी ‘मस्ट नॉट’ लिहितात. त्यानें बहुधा निषेधाचा बोध होतो. तेथें ‘कान्ट’ पाहिजे.

‘शकणें’ याचा घोटाळा याहून मोठा. ‘कॅन’ला भविष्यकाळाचें रूप नाहीं, आणि ‘विल’ व ‘कॅन’ एका म्यानांत राहत नाहींत. म्हणून ‘विल बी एबल टू’. ‘मे’च्या पुढेंही तेंच. पण ‘विल’ आश्वासन देतें, ‘मे’ देत नाहीं. मराठींत दोहोंस आपण ‘शकेल’ म्हणून मोकळे होतों. संस्कृतांतही सामर्थ्य आणि संभावना हे दोन्ही अर्थ एकटा लिङ् लकार वाहतो. तेव्हां ही संवय जुनीच.

ती आम्हांसही भोंवली. गेल्या आषाढांत शेजारच्या आजींच्या मोडलेल्या खुब्याविषयीं डॉक्टरांचें पत्र आलें. घरांत इंग्रजी वाचणारे पुष्कळ, पण मान आमच्या चष्म्याचा. ‘शी मे बी एबल टू वॉक बाय दिवाळी.’ आम्ही माजघरांत मोठ्यानें अर्थ सांगितला, “दिवाळीपर्यंत आजी चालूं शकतील.” घरानें तें वचन मानलें. सून रोज दोन वेळ त्यांना उभें करी. आजी दांतओठ खात, पण रडत नसत.

पाडव्यास आम्ही भेटावयास गेलों, तेव्हां त्या खाटेवरच होत्या. म्हणाल्या, “मास्तर, तुम्ही तर सांगितलें होतें. माझ्याच्यानेंच झालें नाहीं.”

आम्ही पत्र मागून घेतलें, ‘मे’ वर बोट ठेविलें आणि पुन्हां अर्थ केला: “कदाचित् चालूं शकतील.”

“म्हणजे तेव्हांही नक्की नव्हतें?”

“नव्हतें. चूक आमची.”

आजी कांहीं वेळ त्या अक्षरांकडे पाहत राहिल्या. मग सुनेस हांक मारून म्हणाल्या, “मास्तरांना फराळाचें आण. आणि मला आज उठवूं नकोस.”