काचेवरचे ठिपके आणि कापलेली रोजी



कोराडीत राहणाऱ्या माणसाला राख म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. येथील वीज केंद्राचा पहिला संच १९७४ साली सुरू झाला. तेव्हापासून दोन पिढ्या या राखेच्या सोबतीने वाढल्या. जुन्या लहान संचांपैकी बहुतेक एकेक करून बंद पडले आणि २०१५ ते २०१७ या काळात ६६० मेगावॅटचे तीन मोठे संच आले. तरीही खिडकीच्या चौकटीवरून बोट फिरवले की करडी भुकटी बोटाला लागतेच. दोरीवरचे कपडे झटकल्याशिवाय घडी करायचे नाहीत, हे आमच्या घरातल्या लहान मुलींनाही ठाऊक आहे.

परंतु आज आम्ही लिहिणार आहोत ते दुसऱ्यांच्या खिडक्यांबद्दल. आपल्या वस्तीतली अनेक मुले हाउसकीपिंगच्या ठेकेदाराकडे रोजीवर जातात. नागपुरात काचेच्या दर्शनी भिंतीच्या इमारती वाढल्या, तसे हे कामही वाढले. पूर्वी शिडी नाहीतर दोरखंडावरचा झोपाळा, एवढेच साधन होते. आता काही ठिकाणी लांब पोल आला आहे. एकात एक बसणाऱ्या नळ्यांचा दांडा, टोकाला ब्रश, आणि आतून आलेल्या पाइपाने ब्रशातच पाणी. माणूस जमिनीवर उभा राहून तिसऱ्या-चौथ्या मजल्याची काच धुतो. ब्रिटनमध्ये २००५ साली उंचीवरील कामाचे नियम आले. जे काम जमिनीवरून होऊ शकते त्यासाठी माणसाला वर चढवू नये, असे त्यात सांगितले, आणि त्यानंतर तिकडे हा पोल फार वाढला. पडून हात-पाय मोडलेली माणसे आम्ही पाहिली आहेत, म्हणून या साधनाचे आम्ही मनापासून स्वागत करतो.

आता मूळ गोष्ट. गेल्या उन्हाळ्यात शेजारचा एक मुलगा संध्याकाळी आमच्याकडे आला. तीन दिवसांची रोजी ठेकेदाराने कापली होती. "काका, काच ओली होती तवा चकाचक दिसे. वाळली अन् सारी ठिपक्याठिपक्याची झाली. साहेब म्हणे, तू पुसलंच नाही." पोरगा कामचुकार नाही हे आम्हाला माहीत होते. रविवारी आम्ही त्याच्याबरोबर ती इमारत पाहून आलो. काचेवर पांढऱ्या कडांच्या चकत्या, आणि वरच्या चौकटीपासून खाली आलेले करडे ओघळ. म्हणजे दोष दोन होते, एक पाण्याचा आणि एक विसळण्याचा. ब्रश मारण्यात त्याची काहीच कसर नव्हती.

त्याची आई हे ऐकून म्हणाली, "भांडं कितीबी घास, इसळलंच नाही त काय उपयोग?" आमच्या मते सगळे शास्त्र या एका वाक्यात आले.

पोलच्या कामात काच फडक्याने पुसत नाहीत. ती धुऊन तशीच वाळू देतात. त्यामुळे काचेवर शेवटी जे पाणी उरते, त्यात जे विरघळलेले असेल ते काचेवरच राहते. पाणी उडून जाते, क्षार उडत नाहीत. आम्ही बी.कॉम. झालेले कारकून, म्हणून हिशेबच मांडतो. बोअरच्या पाण्याचा टीडीएस ५०० असेल तर एका लिटरमागे ५०० मिलिग्रॅम, म्हणजे अर्धा ग्रॅम क्षार झाले. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाने हीच इष्ट मर्यादा धरली आहे, म्हणजे हे पाणी पिण्यास ठीक. पण मोठ्या काचेवर ५० मिलिलिटर पाणी उरले तर २५ मिलिग्रॅम पांढरी भुकटी चिकटली म्हणून समजा. तेच पाणी टीडीएस १० चे असेल तर अर्धा मिलिग्रॅम, आणि ते डोळ्याला दिसणार नाही.

म्हणून पोलसाठी आरओमधून आणि नंतर रेझिनच्या बाटलीतून गेलेले पाणी लागते. वीज केंद्रात काम केलेल्यांना हे नवीन नाही. तेथे बॉयलरसाठी डीएम प्लँटमध्ये पाण्यातले क्षार काढून टाकतात. न काढले तर नळ्यांत थर बसतो, आणि पाण्यातली सिलिका वाफेबरोबर जाऊन टर्बाइनच्या पात्यांवर बसते. टर्बाइनचे जे, तेच काचेचे. घरच्या आरओचे पाणी चालेल का, असे मुले विचारतात. मापून पाहा, एवढेच आम्ही सांगतो. टीडीएस मीटर खिशात मावतो आणि थोड्या पैशात मिळतो. आकडा १० च्या वर चढू लागला की रेझिन संपत आले. त्या इमारतीत आम्ही टाकीतले पाणी मापले. मीटरने ६०० च्या वर आकडा दाखवला. टाकी सरळ बोअरवरून भरली होती.

दुसरा दोष मात्र हाताचा होता, तोही आम्ही त्याला स्पष्ट सांगितला. त्याने आधी काच धुतली आणि मग वरची चौकट घासली. चौकटीच्या खाचेत आणि रबराच्या पट्टीत राख साचलेली असते. तिच्यात पाणी गेले की पुढची कितीतरी मिनिटे ती गाळ सोडत राहते. म्हणून पहिले काम वरच्या चौकटीचे. ती घासायची, भरपूर पाण्याने धुवायची आणि निथळू द्यायची. तोवर शेजारची चौकट घ्यावी. काच त्यानंतर. एकदा काच विसळायला घेतली की वरच्या चौकटीला ब्रशचा स्पर्शही होता कामा नये. वर्षानुवर्षे न धुतलेली इमारत असेल तर पहिल्या खेपेला सगळे दोनदा करावे लागते. हे ठेकेदाराला दर ठरण्याआधी सांगावे, नंतर कोणी ऐकत नाही.

कोराडीसारख्या ठिकाणी आणखी एक पथ्य आहे. कोरड्या काचेवर ब्रश घासू नये. राखेत सिलिका असते आणि तिच्यातले क्वार्ट्‌झचे कण काचेपेक्षा कठीण असतात. आधी नुसत्या पाण्याने राख खाली सोडावी, मग ब्रश लावावा. ओरखडा एकदा पडला की तो कोणत्याही पाण्याने जात नाही, आणि त्याची भरपाई कोणाच्या रोजीतून कापली जाईल हे सांगायला नको.

आता विसळण्याचे. घासून झाले की ब्रश वरच्या कडेला न्यावा. पाण्याची धार काचेच्या अगदी वरच्या काठाला लागली पाहिजे. डावीकडून उजवीकडे सावकाश जावे आणि तसेच खाली उतरत यावे. मध्येच खालून वर जाऊ नये, कारण धुतलेल्या भागावर घाण पाणी परत नेल्यासारखे होते. येथे काचेचा स्वभाव ओळखावा लागतो. काही काचांवर पाणी चादरीसारखे पसरते. तिथे ब्रश काचेपासून दोन-तीन बोटे दूर धरून विसळले तरी चादर एकसंध खाली उतरते आणि काम लवकर होते. काही काचांवर पाणी अळूच्या पानावर राहावे तसे थेंबाथेंबाने राहते. तिथे ब्रश दूर धरला तर थेंब जागचे हलत नाहीत. मग केस काचेला अगदी हलके टेकवून, पाणी चालू ठेवून, हळूहळू खाली यावे, म्हणजे थेंब ओढले जातात. खालच्या कोपऱ्यांत एक क्षण जास्त थांबावे, कारण सगळी घाण तिथे जमते.

जितके वर जाल तितकी धार कमी होते. दर दहा मीटर उंचीला पंपाचा सुमारे एक किलोचा दाब खर्ची पडतो. तळमजल्याला जेवढा वेळ विसळले तेवढाच वेळ चौथ्या मजल्याला दिला तर पाणी कमी पडणारच. ऊनही पाहावे. आपल्याकडे मे महिन्यात तापमान ४५ अंशांपर्यंत जाते, तेव्हा तापलेल्या काचेवर घाण पाणी खाली उतरण्याआधीच वाळते. सकाळी पश्चिमेची बाजू घ्यावी आणि दुपारनंतर पूर्वेची, म्हणजे काच सावलीत मिळते.

ठेकेदार म्हणतात, एवढा वेळ कोणाला आहे? मिनिटाला दोन लिटर पाणी धरले आणि काचेमागे अर्धा मिनिट विसळायला दिले, तर १२० काचांना एक तास आणि १२० लिटर पाणी लागते. ते वाचवायला गेले आणि तक्रार आली, तर दोन माणसांचा अख्खा दिवस पुन्हा जातो. हा हिशेब आम्ही त्या ठेकेदारासमोर कागदावर मांडला.

एक गोष्ट मुलांच्या आईवडिलांनीही लक्षात घ्यावी. कोराडीतून विजेच्या मोठ्या तारा चारी दिशांना गेल्या आहेत, आणि शहरातही इमारतीला लागून तारा असतात. महागडे हलके पोल कार्बन फायबरचे असतात आणि कार्बनमधून वीज वाहते. फायबर ग्लासचा पोलही ओला असला, आत पाणी भरलेले असले, तर भरवशाचा नाही. पोल उभा करण्याआधी मान वर करून पाहावे आणि उभा पोल घेऊन चालू नये. तारेजवळची बाजू सांगितली तर सरळ नाही म्हणावे. ठिपके राहिले तर रोजी कापली जाईल, पण तारेला पोल लागला तर रोजी घ्यायला माणूसच घरी येणार नाही.

त्या मुलाने पुढच्या आठवड्यात रेझिनमधून गेलेल्या पाण्याने तीच बाजू पुन्हा धुतली. दुसऱ्या दिवशी आम्ही मुद्दाम वाट वाकडी करून पाहून आलो. काच स्वच्छ वाळली होती. ठेकेदाराने दोन दिवसांची रोजी परत दिली. तिसऱ्या दिवसाचे "पुढच्या बिलात बघू" म्हणाला आहे. तारीख आम्ही वहीत लिहून ठेवली आहे.