आभार मानताना शेजारी कोण बसलंय?

३१ डिसेंबरच्या रात्री आमच्या नगरमधल्या मंडळीत वॉचनाईटची उपासना असते. लोक जमतात, पेटी-तबल्यावर नारायण वामन टिळकांची भजनं होतात, मग साक्षी. ज्याला वाटेल त्यानं उभं राहून सरत्या वर्षात देवानं काय केलं ते सांगायचं. मुलाला पुण्यात नोकरी लागली, सून सुखरूप बाळंत झाली, घराचं कर्ज फिटलं. बाराला थोडा वेळ उरला की सगळे गुडघे टेकतात आणि नवं वर्ष प्रार्थनेतच उजाडतं. लहानपणापासून या रात्रीवर माझा जीव आहे. म्हणूनच साक्षींबद्दल थोडं स्पष्ट लिहिते.

२०२१ साली कोरोनात आमचे हे गेले. त्या वर्षअखेरीला एका गृहस्थांनी साक्ष दिली, आमच्या गल्लीत घरोघरी आजार शिरला, पण देवानं आमचा उंबरा राखला. मनापासून बोलत होते ते. मी त्यांच्या मागच्या बाकावर होते. माझा उंबरा मग देवानं का राखला नाही? मंडळीत त्या रात्री असा प्रश्न घेऊन बसलेली मी एकटी नव्हते. आपण वाचलो याचा आनंद खरा असतो, तो बोलूनही दाखवावा. पण दुसऱ्याच्या दुःखाशेजारी ठेवून आपलं सुख मोजलं, की त्या मोजण्याला उपकारस्तुती म्हणायला मी तयार नाही.

लूकच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात मंदिरात प्रार्थनेला आलेले दोघं आहेत, एक परूशी आणि एक जकातदार. परूशाची प्रार्थना आभाराचीच आहे, हे आपल्या ध्यानात राहत नाही. तो देवाकडे काहीच मागत नाही. आपण इतरांसारखे नाही, त्या जकातदारासारखे तर नाहीच, याबद्दल देवाचे आभार मानतो. आणि येशू सांगतो, नीतिमान ठरून घरी गेला तो जकातदार.

मग ज्याचं घर बसलं त्यानं आभार मानायचे तरी कसे? जर्मनीतल्या आयलेनबुर्ग गावचे पाळक मार्टिन रिंकार्ट मला इथे आठवतात. तीस वर्षांचं युद्ध चालू होतं, तटाच्या आत निर्वासितांची दाटी आणि १६३७ मध्ये प्लेग. त्या वर्षी चार हजारांवर माणसांचे अंत्यविधी त्यांनी केले. त्यांची पत्नीही त्याच वर्षी गेली. जगभरच्या चर्चमध्ये आजही गायलं जाणारं उपकारस्तुतीचं एक मोठं गीत याच माणसाचं, युद्धाच्याच वर्षांतलं, मुळात घरच्यांनी जेवणाच्या वेळी म्हणायला रचलेलं. इतरांपेक्षा आपलं बरं चाललंय असं म्हणण्याची सोय या माणसाला कुठे होती?

वॉचनाईटच्या इतिहासातलीच एक रात्र पाहा. १८६२ च्या ३१ डिसेंबरला अमेरिकेतले कृष्णवर्णीय ख्रिस्ती लोक ठिकठिकाणी प्रार्थनेत जागले. दुसऱ्या दिवशी लिंकन यांचा मुक्तीचा जाहीरनामा अमलात येणार होता. उत्तरेकडे जागणाऱ्यांत स्वतः स्वतंत्र असलेली माणसं होती. जाहीरनामा होता दक्षिणेतल्या बंडखोर राज्यांमधल्या गुलामांसाठी. म्हणजे दुसऱ्यांच्या बेड्या तुटणार म्हणून ती देवापुढे बसली होती.

माझी स्वतःची रीत साधी आहे. वर्षाच्या शेवटच्या दुपारी स्वयंपाकघरातलं कालनिर्णय खिळ्यावरून काढते. दुधाचे खाडे, गॅस कधी लावला, कुणाचे किती द्यायचे, दवाखान्याच्या तारखा, सगळं त्या चौकोनांत असतं. पान उलटत जाते आणि ज्या ज्या माणसाच्या हातून काही मिळालं त्याचं नाव प्रार्थनेत घेते. २०२१ चं कॅलेंडर काढायला हात होत नव्हता. एप्रिलनंतरचे चौकोन कोरेच होते. पण एप्रिलच्या त्या पानावर मध्यरात्री ऑक्सिजनचा सिलिंडर पोचवणारा गॅरेजवाला पोरगा होता, किटमध्ये घामाघूम होऊन यांना फोनवर माझा आवाज ऐकवणारी सिस्टर होती, आणि दुसरं कुणी जवळ यायला तयार नसताना कबर खणणारे दोघं होते. त्यांच्यासाठी मी देवाचे आभार मानले. हे गेले त्याबद्दल मानले नाहीत, आणि मानावेत असं मला आजही वाटत नाही. स्तोत्रसंहितेत रडगाऱ्हाण्याची स्तोत्रं कितीतरी आहेत. ती देवाला चालतात, तर आमच्या मंडळीलाही चालावीत.

म्हणून यंदा आमच्या पाळकसाहेबांना मी विचारलंय, की साक्षी सुरू होण्याआधी या वर्षी गेलेल्या सभासदांची नावं वाचाल का? साक्ष द्यायला उठणाऱ्यानं आधी एखाद्या माणसाचं नाव घ्यावं, ज्याच्या हातून देवाची कृपा त्याच्या घरी आली. ती म्हातारी शेजारीण असो की रिक्षावाला, तो आपल्या मंडळीतला असायलाच हवा असंही नाही. आणि त्या रात्रीच्या उपकारस्तुतीच्या पाकिटांतले पैसे रंगरंगोटीला न जाता, ज्या घरातला कमावता माणूस गेला तिथल्या मुलांच्या फीला जावेत. पंच कमिटीपुढे विषय ठेवतो, असं ते म्हणालेत. बाकीच्या मंडळ्यांनीही तो आपापल्या कमिटीपुढे ठेवावा, म्हणून हे इथे लिहिलं.