मुक्कामी गाडीचा हिशेब

गेल्या काही वर्षांत जालना जिल्ह्याच्या नावाने वाहतुकीच्या मोठमोठ्या वार्ता आल्या. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाला आणि तो याच जिल्ह्यातून जातो. ३० डिसेंबर २०२३ रोजी जालन्याहून मुंबईला वंदे भारत गाडी सुरू झाली; ऑगस्ट २०२५ मध्ये ती नांदेडपर्यंत नेण्यात आली. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने जालना-जळगाव या १७४ किलोमीटरच्या नव्या रेल्वेमार्गास मान्यता दिली. या सर्व गोष्टींचे स्वागतच केले पाहिजे. तथापि वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. यांपैकी बहुतेक सोयी जिल्ह्यातून बाहेर जाणाऱ्यांसाठी, किंवा जिल्हा ओलांडून पुढे जाणाऱ्यांसाठी आहेत. घनसावंगी तालुक्यातील एखाद्या खेड्यातून सकाळी नऊ वाजता जालन्यात पोहोचावयाचे असेल, तर त्या प्रवाशाला यांतील एकाही सोयीचा उपयोग नाही.

जिल्ह्यात आठ तालुके आहेत. मनमाडहून सिकंदराबादकडे जाणारा निजामकालीन रेल्वेमार्ग तालुक्याच्या गावांपैकी फक्त बदनापूर, जालना आणि परतूर यांना स्पर्श करतो. अंबड, घनसावंगी, मंठा, भोकरदन व जाफ्राबाद येथील लोकांचा आधार एसटीच. एसटीची आगारेही चारच आहेत: जालना, अंबड, परतूर आणि जाफ्राबाद. उरलेल्या चार तालुक्यांच्या गावी बसस्थानक आहे, पण आगार नाही. ही बाब वरवर किरकोळ वाटते, पण साऱ्या प्रश्नाचे मूळ येथेच आहे. गाडी सकाळी आगारातून निघते आणि रात्री आगारात परतते. साहजिकच आगारापासून पंचवीस-तीस किलोमीटर दूर असलेल्या गावात पहिली गाडी पोहोचेपर्यंत ऊन वर आलेले असते. ती उलटून तालुक्याला जाईपर्यंत शाळेची घंटा झालेली असते आणि दवाखान्याच्या केसपेपरच्या खिडकीपुढे रांग लागलेली असते.

ही अडचण आपल्या आधीच्या पिढीने एका साध्या युक्तीने सोडविली होती. तिचे नाव मुक्कामी गाडी. सायंकाळी तालुक्याहून निघालेली शेवटची गाडी टोकाच्या गावी जाऊन थांबे. चालक आणि वाहक तेथेच जेवत, देवळाच्या ओट्यावर, शाळेच्या व्हरांड्यात किंवा गाडीतच झोपत, आणि पहाटे तीच गाडी गावकऱ्यांना घेऊन परत निघे. महाविद्यालयात जाणारी मुले, कोर्टाच्या तारखेला निघालेला पक्षकार, भाजीच्या पाट्या, दुखणाईत म्हातारी, सारे त्या एकाच गाडीत. गावाचे घड्याळच जणू तिच्यावर लावलेले असे.

या मुक्कामी फेऱ्या एका रात्रीत बंद झाल्या नाहीत. २०२० मध्ये कोरोनाच्या टाळेबंदीने गाड्या आगारात उभ्या राहिल्या. त्या पुरत्या रस्त्यावर येतात न येतात तोच ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला आणि तो एप्रिल २०२२ पर्यंत चालला. महामंडळाचे राज्य शासनात विलीनीकरण व्हावे ही मागणी होती. तिच्या योग्यायोग्यतेचा विचार येथे करीत नाही. परंतु जवळजवळ साडेपाच महिने गाडी नसेल, तर माणसे दुसरी वाट शोधतात, आणि एकदा शोधलेली वाट सहसा सोडत नाहीत. त्यातच गाड्यांची संख्या घटली. कोरोनापूर्वी राज्यात एसटीच्या सुमारे १८,००० गाड्या होत्या, पुढे त्या १५,००० च्या आसपास आल्या. गाड्या कमी पडल्या की आगारप्रमुख कोणती फेरी आधी तोडणार, हे सांगावयास नको. लांब पल्ल्याची गाडी उत्पन्न देते, खेड्याची गाडी देत नाही.

जिल्ह्यातील आंदोलनांचाही उल्लेख करणे प्राप्त आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये अंतरवाली सराटीच्या घटनेनंतर आणि पुन्हा फेब्रुवारी २०२४ मध्ये या भागात एसटीच्या गाड्या जाळण्यात आल्या व सेवा थांबवावी लागली. लोकांचा राग शासनावर होता. जळाली ती गरिबाची गाडी. आंदोलन कोणाचेही असो, पहिला दगड एसटीच्या काचेवर पडतो, ही महाराष्ट्राची जुनी आणि खेदजनक रीत आहे.

गाडी नाही म्हणून प्रवास थांबत नाही. तो काळीपिवळीकडे आणि रिक्षाकडे वळतो. या वाहनांच्या चालकांना दोष देणे सोपे आहे. तेही याच मातीतील तरुण, बहुधा कर्ज काढून वाहन घेतलेले. गाडी भरल्याशिवाय निघाले तर हप्ता फिटत नाही. परंतु त्याची किंमत कोण देतो? १८ जुलै २०२४ रोजी पंढरपूरहून परतलेल्या वारकऱ्यांना राजूरकडे नेणारी काळीपिवळी तुपेवाडीजवळ रस्त्याकडेच्या विहिरीत कोसळली आणि सात जण मृत्युमुखी पडले. अशा घटनेनंतर मदत जाहीर होते, चौकशीचे आदेश निघतात, विहिरीला कठडा बांधण्याची मागणी होते. आषाढी करून आलेल्या माणसांना शेवटच्या टप्प्यात काळीपिवळीत का बसावे लागले, हा प्रश्न मात्र मागे राहतो.

शासनाने प्रवाशांसाठी काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीच्या पुढील ज्येष्ठांना एसटीचा प्रवास मोफत आहे. १७ मार्च २०२३ पासून स्त्रियांना अर्धे तिकीट आहे. बारावीपर्यंतच्या मुलींना शाळेचा पास विनामूल्य मिळतो आणि मानव विकास कार्यक्रमातील निळ्या गाड्या मुलींना शाळेत नेतात. ही शेवटची योजना तर आम्हास सर्वांत मोलाची वाटते. २०११ च्या जनगणनेत राज्यात स्त्रियांची साक्षरता सुमारे ७६ टक्के होती, तर जालना जिल्ह्यात ती सुमारे ६१ टक्केच होती. पण निळी गाडी शाळेच्या दिवशी आणि शाळेच्या वेळेलाच धावते. मुलगी बारावी झाली की ती सोय संपते, आणि महाविद्यालय तालुक्याच्या गावी असते. सवलत ही तिकिटावर मिळते. आणि तिकीट गाडीत बसल्यावर फाडले जाते. जेथे गाडीच येत नाही, तेथील आजीबाईंच्या हाती ओळखपत्र आहे आणि काळीपिवळीचे भाडे त्या पूर्ण देतात.

महामंडळाची बाजूही समजून घ्यावयास हवी. जून २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या श्वेतपत्रिकेत संचित तोटा १०,३२४ कोटी रुपये दाखविला आहे. प्रत्येक तिकिटावर १७.५ टक्के प्रवासी कर राज्य शासन घेते, आणि तेच शासन सवलतींची प्रतिपूर्तीही करते. एका हाताने घ्यावे व दुसऱ्या हाताने उशिरा द्यावे, असा हा व्यवहार. दुसरीकडे टप्पा वाहतुकीचा अधिकार राज्यात एसटीकडेच आहे. अधिकार एकट्याचा असेल, तर कर्तव्यही त्याचेच ठरते. पण त्या कर्तव्याचा खर्च कोणी उचलावयाचा, हे कोणीच ठरविलेले नाही. आगारप्रमुखाला वर प्रति किलोमीटर उत्पन्न आणि भारमान यांचा जाब द्यावा लागतो. मुक्कामी गाडीमुळे किती मुली पदवीपर्यंत पोहोचल्या, असा रकाना त्याच्या तक्त्यात नाही.

केरळने या गाठीवर एक उपाय काढला. जुलै २०२२ मध्ये तेथे 'ग्रामवंडी' योजना सुरू झाली. ग्रामपंचायतीने आपल्याला हवा तो मार्ग व वेळ सांगावी आणि डिझेलचा खर्च द्यावा. गाडी व कर्मचारी राज्य परिवहनाचे. केरळच्या पंचायती आपल्यापेक्षा सधन आहेत, हे खरे. आपल्या ग्रामपंचायतींवर हा बोजा टाकता येणार नाही. परंतु जिल्हा नियोजन समितीने दरवर्षीच्या आराखड्यात काही मुक्कामी फेऱ्यांची तूट भरून देण्याचे ठरविले, तर ती रक्कम एखाद्या लहान पुलाच्या खर्चाहून फार मोठी होणार नाही. ग्रामपंचायतीने आपला वाटा म्हणून चालक-वाहकांना निजण्यास एक स्वच्छ खोली, पाणी आणि शौचालय द्यावे. दिवसभर गाडी हाकून रात्री डासांत सीटवर पडणारा माणूस त्या गावाची फेरी नको म्हणतो, यात त्याचे काय चुकले?

एसटीने ५,१५० विजेच्या गाड्या भाड्याने घेण्याचा करार केला. त्यांचा पुरवठा अपेक्षेहून फार मागे पडला. त्या गाड्या आल्या तरी रात्री चार्जिंगच्या जागीच परतणार. म्हणजे मुक्कामासाठी निदान काही वर्षे डिझेलच्या गाड्या राखून ठेवाव्या लागतील, आणि त्याचा विचार आजच व्हावयास हवा.

२०२४ मध्ये जालन्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तेथील बाह्यरुग्ण विभाग सकाळी उघडतो. २०१९ मध्ये जिल्ह्यातील कोणकोणत्या गावी गाडी मुक्कामास जात होती आणि आज कोठे जाते, या दोन याद्या आगारांनी बसस्थानकाच्या फलकावर शेजारी शेजारी लावाव्यात. जिल्हा नियोजन समितीच्या पुढील बैठकीला तेवढा कागद पुरेसा आहे.