पूररेषेच्या आत कोण राहतो?

कृष्णा-पंचगंगेच्या काठी 2005, 2019 आणि 2021 या तिन्ही वर्षी महापूर आला. पूर आला की दूरचे सुशिक्षित लोक एकच प्रश्न विचारतात : ही माणसे पुन्हा पुन्हा तेथेच राहावयास का जातात? वाचकहो, राहण्याची जागा ज्याने त्याने निवडलेली असते, असे या प्रश्नात गृहीत धरलेले आहे.

गाळाच्या काळ्या जमिनीसाठी आणि उसाच्या पाण्यासाठी बागायतदार नदीकाठ निवडतो, हे खरे. पाणी चढले तर त्याला माडी असते. आपला महारवाडा मात्र कित्येक गावांत वेशीबाहेर, ओढ्याच्या अगर नदीच्या अंगाला गावाने बसविला. ती जागा आपल्या आजोबांनी पसंत केली नव्हती. 1958 च्या कायद्याने वतन गेले, पण घर तेथेच राहिले. मजुरी जवळ, मुलांची शाळा जवळ. वरच्या अंगाला दोन गुंठे घ्यावयास पैसा नाही, आणि पैसा जमलाच तर आपणांस विकणारा मिळत नाही. याला निवड म्हणावयाचे काय? 1947 साली ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’ या निवेदनात बाबासाहेबांनी स्वतंत्र वसाहतींची मागणी केली, ती उगीच नव्हे.

नदी कोपली, ओटी भरा, असे कोणी सांगेल. दीक्षा घेतलेल्या घरात हे बोलणे शोभत नाही. पाऊस कोणाची जात पाहत नाही. पण पाणी प्रथम कोणाच्या उंबऱ्यात शिरते याला कारण आहे, आणि जे कारणाने घडते ते कारण दूर केल्याने थांबते, हे भगवान बुद्धांनीच शिकविले.

गावठाणाची हद्द ठरविण्याचा अधिकार 1966 च्या जमीन महसूल संहितेने जिल्हाधिकाऱ्यास दिला आहे. उंचावरील सरकारी जमीन गावठाणात घेऊन आपणांस घरजागा द्यावी, असा ठराव ग्रामसभेत मांडा, अर्ज करा व त्याची पोच घ्या. हे पावसाळ्यापूर्वी करावे. पाणी ओसरल्यावर सर्वच आश्वासने देतात. आपत्ती व्यवस्थापन कायदा, 2005 च्या कलम 61 अन्वये मदत व भरपाई देताना जात, धर्म, लिंग यांवरून भेद करण्यास मनाई आहे. परंतु घराचा उतारा अद्याप मयत आजोबांच्या नावे असेल, तर कलम हाती असूनही हेलपाटे चुकत नाहीत. वारसनोंद आजच करून घ्या. पंचनाम्याच्या वेळी घरातील एका माणसाने हजर राहावे, आणि तो वाचून दाखविल्याखेरीज त्यावर सही अगर अंगठा देऊ नये.