दोन किल्ल्या आणि एक स्विच

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा विजेचे हजारो खांब आडवे झाले आणि श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडची कित्येक गावे आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते आले. अशा अनुभवानंतर कोकणातल्या कुटुंबाने लहान जनरेटर घेतला, तर त्याला चैन कोण म्हणेल? प्रश्न आहे तो घराच्या वायरिंगला कसा जोडायचा, हा.

सोपा वाटणारा मार्ग असा: दोन्ही टोकांना पिना बसवलेली वायर घ्यायची; एक टोक जनरेटरमध्ये, दुसरे घरातल्या सॉकेटमध्ये. दिवे लागतात. मात्र मेन स्विच चालू राहिला असेल, तर ही वीज उंबरठ्याशी थांबत नाही. सर्व्हिस वायरवरून ती उलटी डीपीकडे निघते. ११,००० व्होल्टची वीज घरापुरती करून देणारे तिथले रोहित्र उलट्या दिशेनेही तितक्याच इमानाने काम करते. एका बाजूने २३० व्होल्ट शिरले, की दुसऱ्या बाजूला सुमारे १०,००० होतात. आणि तिकडे खांबावर वायरमन चढलेला असतो, लाइन बंद आहे या समजुतीने. शेजारच्या घरांचा भार पडून लहान जनरेटर बहुधा बंद पडतो, हे खरे. पण तारा तुटून तो भारच सुटलेला असला, तर? शिवाय माणसाचा जीव घ्यायला २३० व्होल्टही पुरतात.

‘मेन स्विच पाडायला आम्ही विसरत नाही,’ असे यावर सांगितले जाते. बँकेत स्ट्राँगरूमची एक किल्ली माझ्याकडे, तर दुसरी रोखपालाकडे असे. त्यात अविश्वास नव्हता. रोकड कोणा एकाच्या स्मरणशक्तीवर विसंबू नये, एवढाच हेतू होता. रोकडीसाठी जे भान आपण ठेवतो, ते खांबावरच्या माणसासाठी का ठेवू नये?

चेंजओव्हर स्विच हेच भान ठेवतो. फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणाऱ्या या स्विचचा दांडा एका वेळी एकाच बाजूला राहतो: महावितरण किंवा जनरेटर. विसरायला वावच नाही. परवानाधारक ठेकेदाराकडून तो योग्य अर्थिंगसह बसवून घ्यावा. जनरेटरच्या किमतीपुढे हा खर्च किरकोळ आहे. तोवर उपकरणे थेट जनरेटरलाच जोडावीत. जनरेटरही घराबाहेर, खिडक्यांपासून दूर असावा. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास.

काम सुरू करण्यापूर्वी वायरमनने तार तपासून अर्थ करावी, हा दंडक आहेच. पण वादळानंतर रात्रंदिवस राबणाऱ्या माणसाच्या दक्षतेवर आपण आपला निष्काळजीपणा किती पोसायचा? जनरेटर विकणाऱ्याने आणि भाड्याने देणाऱ्याने ती दोन पिनांची वायर देणे बंद करावे आणि चेंजओव्हर स्विचची चौकशी आधी करावी. सरकारने त्याची सक्ती केली, तर उत्तमच. आपल्या घरात दिवा लावायला जो माणूस खांबावर चढला आहे, तो धडपणे खाली उतरला पाहिजे.