पोट लहान झाले, जिभेचे काय?

नितीन गडकरी यांनी २०११ मध्ये मुंबईत वजन घटवण्याची शस्त्रक्रिया करून घेतली. पुढे नित्याच्या प्राणायामाबद्दलही ते जाहीरपणे बोलले. मर्म त्या रोजच्या सवयीतच आहे. वजन घटवण्याच्या ‘स्लीव्ह’ शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढतात. जीभ मात्र जुनीच राहते. कुपोषणाच्या बातम्यांत दिसणाऱ्या नंदुरबारमधल्या चिंचपाड्याला हा शहरी प्रश्न वाटेल. पण शस्त्रक्रियेनंतरच्या पथ्याचे सामान इथल्याच चुलीवर आहे: आधी भौगोलिक मानांकन मिळालेल्या नवापूरच्या तूरडाळीचे घट्ट वरण, मग चतकोर भाकरी, पाणी अर्ध्या तासाने. जोडीला रोज स्टेशनपर्यंत फेरी. जीवनसत्त्वांच्या गोळ्या आणि रक्ततपासणी जन्मभराची. सर्जन एकदाच कापतो. घास रोज मोजावा लागतो.