गुग्गुळाचे झुडूप

गुग्गुळाचा धूर घरोघरी परिचयाचा आहे. ज्या झुडपातून तो डिंक पाझरतो, ते मात्र फार थोड्यांनी पाहिलेले असते. राजस्थान, कच्छ व सिंध येथील खडकाळ, कोरड्या भूमीत ते वाढते. वर्षातील बराच काळ पर्णहीन, फांद्या वेड्यावाकड्या व काटेरी, साल कागदासारखी सुटणारी. पाहणाऱ्यास ते वाळलेलेच वाटावे! फुले लहान, तांबूस. या फुलांविषयी १९९६ साली भारतीय वनस्पतिशास्त्रज्ञांनी एक नवलाची गोष्ट प्रसिद्ध केली: नर झुडपे अतिशय विरळ असून, मादी झुडपांवर परागकणांवाचूनच बी धरते. अशा बियांचे रोप म्हणजे आईचीच प्रतिकृती होय.

डिंक देण्याजोगे होण्यास झुडपाला आठ-दहा वर्षे लागतात. अधिक डिंकाच्या लोभाने खोल घाव घालून त्यांत उत्तेजक द्रव्ये भरली, की ते थोडक्याच काळात मरते. २०१५ साली ही जाती जागतिक यादीत अतिसंकटग्रस्त ठरली. औषधास आमचा विरोध नाही. सुश्रुतसंहितेतही गुग्गुळ आहे. परंतु रानातील झुडपांस हात न लावता, लागवडीचाच डिंक बाजारात यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. फांदीचे छाट सहज मुळे धरतात. मात्र ते एकाच झुडपाचे नसावेत. निरनिराळ्या टेकड्यांवरून निवडून आणावेत.